उरलेले दोन टायर

आधी नियम सांगितले.
आरोपीशी थेट बोलायचं नाही.
शिक्षा किती, ते सुचवायचं नाही.
शिवी नको, शाप नको.
माझ्या दोन पानांतल्या सात ओळी
वकीलबाईंनी निळ्या पेनाने खोडल्या,
हळुवार,
पोराचा गृहपाठ तपासावा तशा.
"तुमचं काय गेलं, एवढंच सांगा," म्हणाल्या.

थंडर बेच्या कोर्टात हीटर फार तापतो.
कोट मांडीवर घेऊन
तीन घरं तीन बाकांवर बसली होती,
एरवी एकमेकांच्या वाटेलाही न गेलेली.
हायवेवरच्या एका मोटेलने,
नोव्हेंबरातल्या एका रात्रीने
आमची सोयरीक जुळवून दिली.

हलीना दुत्चाक पहिली उठली.
तिने नुसता हिशेब वाचला:
ट्रकचे हप्ते, अजून एकोणचाळीस.
नवऱ्याची दातांच्या डॉक्टरकडची तारीख,
जी तिने रद्द केली नाही,
न गेल्याचा दंड भरला, पावती जपून ठेवली.
मग तिच्या मुलाचं चित्र जजसाहेबांकडे दिलं.
ट्रक होता. सगळी चाकं एकाच बाजूला.
साहेबांनी चष्मा काढून पाहिलं,
पुन्हा लावून पाहिलं.

ओदिलों बोलन, मुलीचा बाप,
हर्स्टहून रात्रभर गाडी हाकत आलेला,
उभा राहिला.
कागद उलगडला.
घडी घातली.
बसला.
त्याच्यासाठी आणलेली फ्रेंच दुभाषी
श्वास घेऊन तयार होती,
तो श्वास तिने कुठे सोडला, मला दिसलं नाही.

मग माझं नाव. इर्या केंपाइनेन.
मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवते.
मागच्यांशी आरशातून बोलायची सवय.
इथे आरसा नव्हता,
तो काचेच्या पेटीत, माझ्या डाव्या खांद्यामागे.
पण टेबलावरच्या स्टीलच्या जगमध्ये दिसत होता,
लांबट, वाकडा,
नाक खाजवत.
यात नियम मोडला का, कोण जाणे.

मी पानं बाजूला ठेवली.
म्हटलं, तैस्तो माझा धाकटा भाऊ.
त्या शनिवारी माझ्या गाडीला
बर्फाचे टायर चढवत होता.
दोन झाले.
तेवढ्यात मोटेलमधून फोन,
रात्रपाळीचा पोरगा तापाने पडलाय, येतोस का.
हात पँटला पुसले. म्हणाला,
उरलेले दोन उद्या बघू.

साहेब, मी दोन हिवाळे
त्या दोनच टायरवर काढले.
गॅरेजवाला ओरडतो:
पुढून धरते, मागून घसरते, जीव जाईल बाई.
मी बदलू देत नाही.
दुसऱ्या कुणाचा हात लागला
तर ते काम संपेल.

टायपिस्टची बोटं थांबली,
बहुतेक तिला वाटलं, अजून काही आहे.
नव्हतं.

पंचवीस वर्षं, जजसाहेब म्हणाले,
त्यानंतर सुटकेचा विचार.
मी मनात बेरीज केली. तेव्हा मी त्र्याऐंशीची.
रबर त्याच्या कितीतरी आधी तडकतं.

शेवटच्या बाकावर एक बाई होती,
दिवसभर हातमोजे न काढता बसलेली.
तिला कुणी पुकारलं नाही.
कोण, ते सांगायला नको होतं,
कानांची ठेवण तीच.

बाहेर उणे एकवीस.
पार्किंगमध्ये ती
बँकेच्या कार्डाने गाडीची काच खरवडत होती,
कार्ड मोडलं, अर्ध्यानेच खरवडू लागली.
माझ्याकडे चांगलं खरवडणं होतं, लांब दांड्याचं,
तैस्तोनेच आणलेलं.
ते मांडीवर घेऊन
मी माझ्या गाडीत बसून राहिले,
इंजिन सुरू,
तिची काच निम्मी होईपर्यंत.
तेवढ्यात ती निघालीसुद्धा,
निम्म्याच काचेतून बघत.